‘समकक्ष’ लॅपटॉप आणि थोडंफार गेमिंग

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला नारळ दिला आणि घरोघरचे धडधाकट लॅपटॉप एका रात्रीत निकामी ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, प्रोसेसरही साधारण २०१७-१८ नंतरचाच चालतो. म्हणजे बदली आली. कुणी पदरमोड करून नवा घेतो, कुणाच्या पदरात ऑफिस टाकतं. गेल्या जन्मी ज्यांनी काही पुण्य केलेलं असतं त्यांचा जुना लॅपटॉप वाढीव वॉरंटी संपायच्या आत प्राण सोडतो आणि त्याच्या जागी कंपनी दुसरा पाठवते. मार्ग कोणताही असो, खोकं उघडलं की घरातून एकच प्रश्न येतो. तोही अभ्यास, ऑफिस, बँकेची कामं असे सगळे प्रतिष्ठित विषय संपल्यावर, जरा आवाज उतरवून: ‘‘यावर थोडंफार गेमिंग झेपेल ना?’’

या ‘थोडंफार’ला माप नाही. बाबांच्या हिशेबात ते जेवणानंतरचा सॉलिटेअरचा एक डाव असतं. चिरंजीवांच्या हिशेबात रात्री दीडला ‘शेवटची मॅच’. दुकानदाराच्या हिशेबात, गोदामात जो माल पडून आहे त्यावर जे चालतं ते. राज्यस्तरीय निकष ठरवण्याची एक संधी जुलै २०२५ मध्ये आली होती. विधान परिषदेत तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात घालवत होतो, असा खुलासा त्यांनी केला. पुढे त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. शासन इतकं तर्कशुद्ध वागल्याची उदाहरणं फार नाहीत. पण तो मोबाइल होता, आणि पत्ते वाटायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. निकष राहूनच गेला.

तर समजा, तुमचा लॅपटॉप २०१९ चा होता. आत रायझन ५ ३५५०एच प्रोसेसर आणि जीटीएक्स १६५० हे ४ जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड. मदरबोर्ड गेला, सुटा भाग मिळेना, आणि तीन आठवडे ‘प्रक्रियेत आहे’ ऐकल्यावर मेल आला: आपल्याला समकक्ष किंवा त्याहून सरस मॉडेल देण्यात येत आहे. खोक्यावर लिहिलंय रायझन ५ ७५२०यू. ३५५० चे थेट ७५२०! दुप्पट आणि वर सुटे. घरात आनंदीआनंद. काकूंनी साखर वाटायला घेतली.

अशा वेळी आमच्या भाच्याला बोलावणं येतं. पोरगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, बोलतो कमी, आणि आनंदावर पाणी ओतायची त्याला उपजत देणगी आहे. ‘‘मामा, पहिला आकडा बघू नको. तिसरा बघ.’’

प्रकरण असं. एएमडीनं २०२३ च्या लॅपटॉप प्रोसेसरांसाठी आकडे लावायची नवी पद्धत काढली आणि ती उलगडून दाखवणारा तक्ताही स्वतःच प्रसिद्ध केला. त्यानुसार पहिला ७ सांगतो फक्त वर्ष. आतली रचना कोणत्या पिढीची, ते तिसरा आकडा सांगतो. ७५२० मधला तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, म्हणजे मूळ २०१९ ची रचना. माल जुना, पाटी नवी, आणि हे सगळं जाहीरपणे छापलेलं. फसवणूक म्हणायचीही सोय नाही. न्यायाला धरून सांगायचं तर एक्सेल, झूम, ब्राउझर या कामांत हा ७५२० त्या ३५५० ला मुळीच हार जात नाही. घोळ आहे तो चित्रं रंगवणाऱ्या भागात. याच्या पोटात रेडिऑन ६१०एम आहे आणि त्यात गणनेची एककं आहेत २. त्याच सात हजारी घराण्यातल्या रायझन ७ ७८४०यू मध्ये रेडिऑन ७८०एम बसतं, त्यात ती १२ असतात. आडनाव एक, मिळकत सहापट.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. वर्षानुवर्षं आपण सुपर बिल्ट-अप विकत घेतला आणि कार्पेटमध्ये राहिलो. फ्लॅटसाठी २०१७ मध्ये महारेरा आलं. लॅपटॉपवाल्यांना कार्पेट एरिया छापायला लावणारं कुणी अजून जन्माला यायचंय.

एकट्या एएमडीला बोल लावायचं कारण नाही. इंटेलच्या गोटातली गंमत तर जादूच्या प्रयोगात खपेल. तिथं अकराव्या पिढीपासून आयरिस एक्सई नावाचं अंगभूत ग्राफिक्स आलं आणि ते खरंच बरं होतं. २०१५ साली पीसीवर आलेला जीटीए ५ खालच्या सेटिंगला त्यावर नीट खेळता येतो. मात्र अट अशी की रॅम दोन मार्गांनी जोडलेली हवी. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते घरच्याच रॅमवर जगतं, आणि रस्ता एकपदरी असला की उपाशी राहतं. म्हणून ८ जीबीची एकच पट्टी लावलेल्या लॅपटॉपवर तेच ग्राफिक्स विंडोजमध्ये आयरिस एक्सई असं नाव न सांगता नुसतं यूएचडी ग्राफिक्स म्हणून हजेरी लावतं. चिप तीच! एक पट्टी कमी पडली म्हणून पदवी काढून घेतली. माणसांच्या नोकरीतही इतक्या प्रामाणिकपणे पदावनती होत नाही.

हे घरबसल्या तपासता येतं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा. मेमरीखाली किती जागांपैकी किती भरल्यात ते लिहिलेलं असतं. दोनपैकी एक असेल तर सुटलात. बरोबरीची दुसरी पट्टी आणून बसवा, लॅपटॉपचा चेहरा बदलतो. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल, तर मात्र जे ललाटी आहे त्यावर समाधान माना. खाली जीपीयूच्या रकान्यात ग्राफिक्सचं खरं नाव दिसतं. खोक्यावरच्या स्टिकरवर विश्वास ठेवण्यापेक्षा हा रकाना वाचावा. स्टिकर ओढाताण न करताही निघतो.

लॅमिंग्टन रोडवर मात्र वाचनाला फारसा वाव नसतो. ग्रँट रोड स्टेशनवरून उतरून आलात की दुसऱ्या मिनिटाला ‘‘बोला शेठ, काय दाखवू?’’ आणि गेमिंग म्हणालात की तो आधी खोलीतला दिवा मालवतो आणि कीबोर्डचे दिवे लावतो. लाल, हिरवे, जांभळे. ‘‘बघा, फुल गेमिंग मशीन.’’ ग्राफिक्स कोणतं, विचारलंत तर ‘‘आरटीएक्स आहे ना.’’ किती वॅटचं, विचारलंत तर तो तुमच्याकडे असं बघतो, जणू त्याच्या मुलीला मागणी घालायला आलेल्या स्थळानं पगाराऐवजी रक्तदाब विचारला. पण प्रश्न रास्त आहे. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ३०५० एनव्हिडियानं ३५ पासून ८० वॅटपर्यंत कुठेही चालवायची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्यांना दिलेली आहे. नाव तेच, पाटी तीच, आणि एकाला पोटभर, दुसऱ्याला अर्धपोटी. सडपातळ, सुबक, झोळीत मावणारा ‘गेमिंग’ लॅपटॉप दिसला की समजावं, हा अर्धपोटी पंथाचा.

भाच्याची यावर एक देशी तपासणी आहे आणि ती मला सगळ्या यूट्यूबी परीक्षणांहून भरवशाची वाटते: चार्जर हातात घ्यायचा. पाठीवर बारीक अक्षरांत आउटपुट छापलेलं असतं. २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असेल तर गुणाकार ६५ वॅट. त्यात स्क्रीन, प्रोसेसर, बॅटरी सगळ्यांचं भागवायचं; मग ग्राफिक्सच्या वाटणीला किती उरणार? खरं वेगळं कार्ड पोसणारा चार्जर दीडशे वॅटच्या आसपास किंवा वर असतो आणि तो पाठीवर घेऊन लोकलमध्ये चढलात की खांद्याला आपोआप कळतं. वजनदार चार्जरवाल्यांची तक्रार करू नये. ते खरं बोलतायत.

राहता राहिली उष्णता. दुकानात, एसीत, पहिली दहा मिनिटं सगळेच लॅपटॉप गुणी असतात. अर्धा तास झाला की आतली चिप तापते, स्वतःला वाचवायला वेग उतरवते, आणि ६० चित्रं सेकंदाला दाखवणारं यंत्र पंचविशीवर येतं. पोरगं ओरडतं ‘‘लॅग झाला!’’ आणि आई दुधाचं भांडं उतू गेल्यासारखी धावत येते. हा प्रयोग मे महिन्यात अकोल्याला करून बघावा, आणि तोही लॅपटॉप गादीवर ठेवून, म्हणजे खालच्या हवेच्या जाळ्या बंद. परीक्षणाच्या व्हिडिओतली खोली कधीच अकोल्याची नसते.

आता मुद्द्याचं. ‘गेमिंग झेपेल का’ विचारून काहीही हाती लागत नाही; गेमचं नाव घ्यावं लागतं. व्हॅलोरंटच्या किमान अटींत इंटेलचं एचडी ४०००, म्हणजे २०१२ च्या जमान्यातलं ग्राफिक्सही बसत आलंय, त्यामुळे तो जवळपास कुठल्याही नव्या लॅपटॉपवर हलतो. फक्त विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू लागतात. काउंटर-स्ट्राइकचं मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये जुनं रूप जाऊन दुसरं आलं आणि ज्या लॅपटॉपवर जुनं सुखानं चालायचं, त्यांतल्या अनेकांना नवं जड गेलं. सायबरपंक २०७७ चं नाव काढलंत तर आपल्या ७५२० चा फॅनच परस्पर उत्तर देतो. शिवाय ‘किमान’ या शब्दाखाली कंपन्या जे छापतात ते गेम उघडण्यापुरतं. शंका असेल तर स्टीमवर गेम घ्यावा, तासभर खऱ्या सेटिंगवर पळवावा. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ दोन तासांहून कमी असेल तर पैसे परत मागता येतात. एवढी ग्राहकस्नेही सोय लग्नाच्या हॉलवालेही देत नाहीत.

आणि हे सगळं तपासून, वॅट मोजून, पट्ट्या मोजून तुम्ही वॉरंटीवाल्यांना फोन लावता. समकक्ष म्हणालात, पण वेगळं कार्डच नाही, हे कसं?

‘‘सर, तुमच्या जुन्या मॉडेलचा स्क्रीन १५.६ इंच होता. याचाही १५.६ आहे.’’

ग्राफिक्सचं काय?

‘‘रॅम ८ जीबी होती, ८ जीबीच आहे सर. एसएसडी ५१२. प्रोसेसर तर अपग्रेड झालाय, आकडा बघा ना तुम्ही.’’

यावर गेम चालत नाहीत हो.

‘‘सर, गेम आहे त्यात. स्टार्ट मेन्यूमध्ये सॉलिटेअर टाइप करा.’’

त्यात मधे मधे जाहिराती येतात.

‘‘मग प्रीमियम घ्या ना सर. महिन्याच्या वर्गणीवर आहे. अजून काही मदत करू शकते?’’