एकदम मख्खन कंडिशन

नवा लॅपटॉप कुणीही घेतो. पैसे मोजायचे, खोकं उचलायचं, घरी यायचं. रिफर्बिश्ड घ्यायला मात्र श्रद्धा लागते, आणि ती नवशिक्याइतकी कुणाकडेच नसते. तेव्हा घाबरू नका. पुढच्या पायऱ्या मी स्वतः, एकही न चुकवता, चढलेलो आहे.

१. दुकान निवडा. लॅमिंग्टन रोडला काय किंवा तापकीर गल्लीत काय, प्रामाणिक दुकानदार असतातच. त्यांना टाळा. ते न विचारता बॅटरीचा रिपोर्ट दाखवतात, बिलावर सीरियल नंबर लिहितात आणि ‘हे मॉडेल तुम्ही घेऊ नका’ असं तोंडावर सांगतात. जिथे ‘सर, आयटी कंपनीचा माल आहे, आयुष्यभर एसीत राहिलाय’ असं कानावर पडेल, तिथेच स्टूल ओढून बसा. चहा येईल. चहा प्यायल्यावर प्रश्न विचारायला संकोच वाटतो, चहा त्यासाठीच असतो.

२. ‘आय सेव्हन’ एवढंच वाचा. पुढचे आकडे वाचले की मन खट्टू होतं. ६६०० म्हणजे सहावी पिढी, म्हणजे २०१५ सालचा प्रोसेसर. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ‘अकरा टाकून देतो ना सर!’ म्हणतील. कसं, ते विचारू नका.

३. झाकणावरचं चकचकीत स्टिकर नखाने उचकटू नका. मला राहवलं नाही. खाली बिजागरीपाशी फेव्हिक्विकचा पांढरा ओघळ निघाला. कीबोर्डवरचं कंट्रोल बटण आरशासारखं गुळगुळीत होतं. कुणीतरी अख्खी नोकरी कॉपी-पेस्टवर काढलेली दिसते. ‘एन’ एकदा दाबला की दोनदा उमटायचा. माझ्या बँकेच्या पासवर्डात ‘एन’ आहे, आणि पासवर्ड लिहिताना दिसतात फक्त ठिपके. तिसऱ्या प्रयत्नाला खातं लॉक झालं. शाखेतल्या बाई म्हणाल्या, ‘काका, शांतपणे टाइप करत जा.’

४. चार्जर काढून बघू नका. ‘पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट’ अशी आज्ञा दिली की बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी छापून येते. लग्न ठरल्यावर पत्रिका कशाला बघायची? मी नंतर बघितली: मूळ ५०,००० मिलीवॉट-तास, आज ९,०००. (टचपॅड वर उचललेला दिसला तर मात्र थट्टा बाजूला ठेवा. बॅटरी फुगलेली असते, ती पेट घेऊ शकते. मशीन तिथेच ठेवून या.)

५. घरी आल्यावर ‘रिसेट’ मारू नका. मी मारला. वायफाय जोडताच पडद्यावर कुठल्याशा कंपनीने माझं स्वागत केलं आणि ऑफिसचा ईमेल मागितला. जुन्या मालकाने मशीन आपल्या यादीतून काढलंच नव्हतं. साठीला टेकल्यावर, मुलाखत न देता, नोकरी लागली. पगाराचं विचारायची सोय तेवढी नव्हती.

६. वॉरंटी समजून घ्या. डिस्प्ले, बॅटरी, कीबोर्ड आणि अडॉप्टर सोडून सगळ्यावर असते. सात दिवस. आठव्या दिवशी गेलात की पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही अपडेट मारलं का?’ मान खाली घाला. मारलेलं असतंच.

७. बिल मागू नका, ‘अठरा टक्के जादा लागतील’ म्हणतात. शिवाय पक्कं बिल हातात असलं की १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा मोह होतो, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही. एवढी कटकट कुणी सांगितलीय? माझ्याकडे व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर निळ्या पेनाने लिहिलेलं आहे: ‘१ लॅप. ओके.’

८. आता सगळ्यात महत्त्वाचं. कुणी विचारलं ‘केवढ्याला पडला?’, तर फक्त पहिला आकडा सांगा. माझा १८,०००. नंतरची बॅटरी ३,२००, कीबोर्ड १,८००, अडॉप्टर १,१००, बिजागरी १,५०० आणि रिक्षाच्या सहा फेऱ्या यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

घरी मी अजून अठराच सांगतो. तेव्हा संपादकांना नम्र विनंती, या महिन्याचा अंक आमच्या पत्त्यावर पाठवू नये.