चौदा तालुक्यांचा परवाना

आमचा एक भाचा टेक्सासला असतो. गारा पडल्या, वादळ आलं, कुणाचं छप्पर उडालं की गडी खुशीत येतो. कारण विमा कंपनीच्या वतीनं ते छप्पर मोजायला जाणं हाच त्याचा धंदा. फोनवर मात्र एकच रडगाणं : परवाने. तिथं राज्याराज्याचा परवाना वेगळा. वादळ टेक्सास सोडून लुइझियानात शिरलं की ह्यानं आधी लुइझियानाचा कागद काढायचा. काही राज्यं एकमेकांचा परवाना मानतात, काही स्वतःची परीक्षा नव्यानं द्यायला लावतात आणि काहींकडे परवाना नावाची भानगडच नाही. त्या बिनपरवाना राज्यांतली मंडळी मग टेक्सास नाहीतर फ्लोरिडाला कागदोपत्री माहेर मानतात आणि तिथला परवाना काढून बाकीच्या राज्यांत हिंडतात.

"मामा, तुमचं बरंय. एकदा परवाना काढला की सगळा देश मोकळा!"

पोरगं खोटं बोलत नाही. आपल्याकडे १९३८चा विमा कायदा आहे, हैदराबादला नियामक प्राधिकरण आहे, आणि त्यानं दिलेला सर्व्हेअरचा परवाना देशभर चालतो. पण तो सुखासुखी मिळत नाही. मोटारींचं काम करायचं तर इंजिनिअरिंगची पदवी नाहीतर पदविका, मग जुन्या सर्व्हेअरच्या हाताखाली उमेदवारी, मग परीक्षा, आणि वेळ आली की नूतनीकरण.

असा माणूस केडगावच्या गॅरेजात येतो तेव्हा त्याचा रुबाब बघावा. बंपरपुढे उकिडवा बसतो, चासी नंबरचा फोटो काढतो, नखानं रंग खरवडतो आणि निकाल देतो, "हा पोचा जुना आहे." प्लास्टिक म्हणून बंपरचे निम्मे पैसे कापतो, फायबरला तीस टक्के घसारा लावतो, काचेला लावत नाही. का लावत नाही ते विचारू नये. तसं लिहिलेलं आहे. आपण मान डोलावतो, कारण समोर शिकलेला माणूस आहे.

आता गॅरेजातून शेतात चला. पीकविम्याच्या कामाला कृषी पदविकावाला चालतो, शेतीखात्यातला निवृत्त अधिकारी चालतो, पीककर्ज वाटलेला निवृत्त बँकवालाही चालतो. प्रत्यक्षात बांधावर उतरतो तो बहुधा मोबाईलवाला पोरगा. शेतकऱ्यानं बहात्तर तासांच्या आत ॲपवर तक्रार टाकलेली असते. रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढून. पोरगा चिखलाकडे बघतो, बुटांकडे बघतो, आणि बांधावरूनच फोटो काढून विचारतो, "काका, किती टक्के लिहू?"

बंपरला असं कुणी विचारलंय का कधी?

म्हणून आमची मागणी आहे की, नुसता परवाना नको, अमेरिकेसारखा हद्दीगणिक परवाना हवा. राज्याराज्याचा कशाला, तालुक्यातालुक्याचा. आमचा अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा, तालुके चौदा. अकोल्याच्या घाटघरला पाऊस कोसळून छत्री उलटते, आणि जामखेडात ढग आला तरी लोक त्याला पाहुण्यासारखे निरखतात. घाटघरला शिकलेला माणूस जामखेडचा दुष्काळ काय मोजणार? पारनेरला कांद्याचा पेपर, श्रीगोंद्याला लिंबाचा, नेवाशाला उसाचा. राहुरीत कृषी विद्यापीठ आहेच. परीक्षा केंद्राचा प्रश्न मिटला. अडचण एकच, एकमेकांचा परवाना मानण्याची. संगमनेरचा परवाना राहात्यात चालेल, असं शपथेवर कोण सांगेल? आणि परवान्याचं मुख्यालय कुठं, ह्यावर रखडलेल्या जिल्हा विभाजनाइतकीच वर्षं जातील. तोवर श्रीरामपूर बंद, संगमनेर बंद, शिर्डीत मोर्चा.

हा मसुदा हातावेगळा करणार तोच लक्षात आलं की शासनानं आमच्यावर मात केलीय. आधी २०२३च्या खरिपात एक रुपयात विमा आणला. शेतकऱ्यानं एक रुपया भरायचा आणि अर्ज भरून देणाऱ्या केंद्राला अर्जामागे चाळीस रुपये मिळायचे. जिथं विकणाऱ्याला घेणाऱ्याच्या चाळीसपट मिळतात, तिथं गायरानावर आणि देवस्थानच्या जमिनीवरही पीक उगवलं, तर जमिनीला दोष देऊ नये. बोगस अर्ज निघाले. मग २०२५च्या खरिपापासून रुपया गेला, खरिपाचा दोन टक्के हप्ता परत आला, आणि जाता जाता शेतात येऊन नुकसान बघण्याची तरतूदही वगळली गेली. गारपीट, पुराचं पाणी, काढून ठेवलेलं पीक भिजणं, ह्यांतलं काहीच आता एकट्याचं राहिलं नाही. बघायचं ते फक्त महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न, तेही मुख्यतः पीक कापणी प्रयोगावरून. बोगस अर्ज केले एकानं आणि बांधावर यायचं बंद झालं सगळ्यांच्याच. परवाना कुणाला द्यायचा हा प्रश्नच उरला नाही. बघायलाच कुणी जायचं नाही म्हटल्यावर लायकी कसली तपासता?

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पाथर्डी-शेवगावकडे आभाळ फाटलं. ओढ्याकाठची माती पिकासकट गेली, खाली खडक उघडा पडला. सरकारी मदतीचे पंचनामे झाले, ते खातं वेगळं. विम्याच्या खात्यात मात्र कापणी प्रयोग. प्रयोगाचा प्लॉट दहा मीटर बाय पाच मीटर. यादृच्छिक आकड्यानं गट ठरतो, आणि समजा तो आकडा पडला वर माळावरच्या रानात, जिथं पाणी थांबलंच नाही. चार खुंट्या ठोकल्या, दोरी लावली, बाजरी कापली, मळली, वाऱ्यावर उफणली, काटा आला. शेतीखात्याचा माणूस वजन लिहितो, कंपनीचा प्रतिनिधी ॲपवर फोटो टाकतो आणि पाखडताना थोडे दाणे उडाले म्हणून हरकत घेतो. खालच्या अंगाला ज्याची बाजरी वाहून गेली तो शेतकरी पंच म्हणून सही करायला उभा असतो. वजन चांगलं भरलं की माळवाला खुश, कंपनी त्याहून खुश. मंडळाचं उत्पन्न भरपाईच्या उंबरठ्याच्या वर गेलं. सही केल्यावर ओढ्याकाठचा विचारतो, "साहेब, ह्यात माझं किती?"

"काका, तुमचं पण एवढंच धरलंय," कंपनीचा पोरगा काट्याकडे बोट दाखवून सांगतो. "सरासरी आहे ना."