बहुमताने नामंजूर
एप्रिल १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे एका बंदूकधाऱ्याने ३५ जणांचा जीव घेतला. बारा दिवसांत पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी सगळ्या राज्यांना कडक नियमांवर राजी केले. सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेऊन मोडीत काढल्या. अमेरिकेला अशी घाई मानवत नाही. तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त. मतदानाचा हक्क मात्र माणसांनाच, निदान कागदोपत्री. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. चार महिन्यांनी बंदूक घेणाऱ्यांची तपासणी वाढवणारा प्रस्ताव सिनेटमध्ये आला. बाजूने ५४, विरोधात ४६. अर्थातच तो पडला, कारण ६० मते हवी होती. जपानमध्ये साध्या शिकारीच्या बंदुकीसाठीही लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. अर्जदाराला नापास करण्याचा हा जुलूम तिथले नागरिक मुकाट सोसतात.