वॉर्म साउंडवाले काका

पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वॉर्म साउंडवाले काका हमखास भेटतात. वय पंचावन्नच्या पुढे, खिशात पेनड्राइव्ह, बजेट वीस हजारांचं आणि अपेक्षा दोन लाखांच्या. दुकानदार त्यांना लांबूनच ओळखतो आणि चहा सांगतो. तासाभराची निश्चिंती.

दुकानातला पोऱ्या उत्साहाने दणदणीत गाणं लावतो. स्पीकरवरचे निळे-जांभळे दिवे नाचू लागतात. "सर, बेस बघा बेस!" काका डोळे मिटून, मान किंचित कलवून ऐकतात. "हा बेस नाही रे बाळा, पलीकडच्या गल्लीतली मिरवणूक आहे. जरा किशोरीताईंचा भूप लाव."

काकांची कसोटी ठरलेली. तानपुऱ्याचा खर्ज भरून राहिला पाहिजे, पण गाण्यातला 'स' कानाला चावता कामा नये. या हट्टामागे शास्त्र आहे. साधारण १०० ते ३०० हर्ट्झचा पट्टा थोडा उठावदार असला आणि वरच्या पट्टीची धार किंचित उतरवलेली असली, की गळा भरदार लागतो. त्यालाच काका वॉर्म म्हणतात. रेशमी घुमटाचा ट्वीटर दिसला की निम्मे खूश होतात.

नव्वदच्या दशकात खोक्यावरचे पीएमपीओचे हजारो वॅट वाचून पोळलेली ही पिढी. त्यामुळे काका आता फक्त आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी खरी पॉवर, विचारतात. "सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल? म्हणजे ८८वाल्याइतक्या आवाजाला दुप्पट पॉवर लागणार!" हिशोब बिनचूक असतो. पोऱ्या मदतीसाठी मालकाकडे बघतो. मालक मोबाइलमध्ये बघतो.

मग इंग्लंड सुरू होतं. गिल्बर्ट ब्रिग्जने १९३२ साली यॉर्कशरमध्ये घराच्या तळघरात स्पीकर बनवला, त्यातून व्हार्फडेल कंपनी उभी राहिली, वगैरे. बीबीसीने सत्तरच्या दशकात आपल्या बाह्यप्रक्षेपणाच्या व्हॅनसाठी घडवलेल्या, जेमतेम फूटभर उंचीच्या एलएस थ्री फाइव्ह ए या स्पीकरचं नाव घेताना तर काका कानाच्या पाळीला हात लावतात. त्याची किंमत कळल्यावर पोऱ्याही लावतो.

एवढं करून आणलेली जोडी घरी कुठे ठेवायची, हे काकूंनी आधीच ठरवलेलं असतं: एक शोकेसच्या कोपऱ्यात, दुसरा टीव्हीमागे. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि भीमसेन पिंपात बसून गायल्यासारखे ऐकू येतात. उघडी फरशी आणि खिडकीच्या काचा वरचे सूर परतवतात, ते वेगळंच. काका स्पीकरला दोष देतात आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गल्लीत हजर.

खरं तर वीस हजारांत साधे टू-वे बुकशेल्फ स्पीकर आणि एखादा सेकंडहँड अ‍ॅम्प्लिफायर बसवता येतो. जोडी भिंतीपासून हातभर पुढे घ्यावी, समोर सतरंजी अंथरावी, खिडकीला जाड पडदा लावावा. नव्या जोडीपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. आणि दुकानात दोन जोड्या ताडून बघताना दोन्हींचा आवाज सारखाच ठेवायला सांगा. किंचित मोठ्याने वाजणारी जोडी बहुधा सरस वाटते, आणि हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.