मूळपुरुषाच्या मागावर नाना

नानांना चुकूनही आपलं आडनाव सांगू नये. सांगितलंत, की लगेच 'मूळ गाव?', मग 'कुलदैवत?', मग 'गोत्र?', आणि अंबरनाथला गाडीत चढलेला माणूस बदलापूर येईपर्यंत कुठल्या तरी वंशवृक्षाच्या फांदीवर टांगलेला असतो.

असे नाना कल्याणच्या पुढे दर सोसायटीत एक सापडतात. गिरगावातली नाहीतर दादरची भाड्याची खोली सोडून फंडाच्या पैशांत बदलापूरला फ्लॅट घेतलेले, गुडघे गेलेले, डोकं शाबूत. जागा नवी, शेजारी नवे. मग माणूस जुनं शोधायला लागतो. काकूंचं निदान याहून सोपं आहे. "कुळगावात घर घेतलं, दुसरं काय होणार?"

नानांच्या कपाटात घराण्याचा कुलवृत्तांत आहे. 'निपुत्रिक', 'दत्तक गेला', 'परागंदा' अशा नोंदींनी भरलेला. यातला परागंदा त्यांचा विशेष लाडका, कारण त्याला कुठेही पाठवता येतं. एक चुलत खापरपणजोबा कधी ग्वाल्हेरला शिंद्यांच्या फौजेत असतात, कधी तंजावरला. दत्तकाचं मात्र त्यांना वावडं. रक्त कुणाचं आणि नाव कुणाचं, हा घोळ त्यांना सोसत नाही. याच लाइनवर पुढे कर्जतजवळ वेणगाव आहे, तिथल्या भटांच्या घरातलं मूल दुसऱ्या बाजीरावांनी 1827 मध्ये दत्तक घेतलं आणि तेच पुढे सत्तावनचे नानासाहेब पेशवे झाले, हे कुणी काढलं की नाना म्हणतात, "पेशव्यांचं वेगळं."

पाहुणे आले की अंबरनाथचं शिवमंदिर ठरलेलं. तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060, आणि शिलाहार राजा मम्वाणीच्या मागोमाग त्याच्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. त्यांत आपला कुणी असावा असं नानांना मनापासून वाटतं. तेव्हा आजच्यासारखी आडनावं नव्हती, असं एका पाहुण्यानं सुचवलं. "म्हणूनच तर सापडत नाही," नाना म्हणाले.

त्र्यंबकेश्वरला मात्र त्यांना खरं घबाड मिळालं. तीर्थोपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आतून लांबट वही आणली आणि बरोबर पानावर बोट ठेवलं. तपकिरी पडलेली शाई, मोडीतली एक तिरकी ओळ, खाली आजोबांची सही. नानांनी मोडीचा वर्ग केलेला, त्यामुळे तिथल्या तिथे वाचली. आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, तीन भावांची नावं, आणि शेवटी 'सोबत कुटुंब व मातोश्री'.

ही मोडी पुढे फारच कामाला आली. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारनं न्या. संदीप शिंदे समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली आणि नानांच्या दारात चपलांचा ढीग पडू लागला. कुणी गाव नमुना 14 ची झेरॉक्स आणलेली, कुणी आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरची. नाना भिंग लावून वाचायचे. फी एक कप चहा, आणि त्यांचा परागंदा ऐकून घेणं. दुसरी फी जड होती.

उल्हासनगरला, दोन नंबरच्या बाजारात, त्यांचे एक कापडवाले शेठ आहेत. त्यांना नानांनी वंशावळ विचारली. शेठ म्हणाले, "काका, फाळणीत आजोबा सिंधमधून नेसत्या कपड्यांनिशी कल्याण कॅम्पात आले. आमची वंशावळ रेशन कार्डापासून सुरू." नानांना फार वाईट वाटलं. त्यांनीच सांगितलं, हरिद्वारला जा, पंड्यांच्या वह्यांत सिंधकडची घराणी असतात. शेठ गेले आणि सात पिढ्या घेऊन, पेढे घेऊन आले. नानांच्या स्वतःच्या वहीत पाचच आहेत. पेढा त्यांनी खाल्ला. पण त्या आठवड्यात कुणाला आडनाव विचारलं नाही.

सातावर मात करायची तर आता शास्त्रच हवं. पुतण्याकडे न्यू जर्सीला गेले असता नानांनी डीएनए चाचणी केली. नळीत थुंकण्याआधी अर्धा तास चहा बंद, हा त्यांच्या मते संशोधनातला सर्वांत मोठा त्याग. निकाल आला: जवळपास सगळं दक्षिण आशिया. "हे तर बदलापूरच्या तिकीट खिडकीवरचा माणूसही सांगेल!"

पुतण्यानं मग हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांचं 2013 चं काम समजावलं. साधारण 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले निरनिराळे समूह एकमेकांत भरपूर मिसळले. जातीतल्या जातीत लग्नं लावणं हे नंतरचं. नानांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे आमचा मूळपुरुष त्या नंतरचा."

पण खरा पेच पुढे होता. दहा पिढ्या मागे गेलं तर वंशवृक्षात 1,024 जागा होतात, आणि कुलवृत्तांत त्यातल्या एकाच माणसाची विचारपूस करतो. शिवाय वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं तसा मायटोकाँड्रियाचा डीएनए येतो फक्त आईकडून. नानांचा तो गट निघाला 'एम', जो देशात निम्म्याहून अधिक लोकांत सापडतो. म्हणजे लोकलच्या डब्यातले निम्मे प्रवासी आईच्या बाजूनं त्यांचे आप्त, आणि इतकी वर्षं ते उगाच गोत्र विचारत होते.

"आईच्या आईचं नाव काय हो तुमच्या?" काकूंनी भाजी निवडता निवडता विचारलं. नानांनी कुलवृत्तांत उघडला. आई होती, सासरच्या नावानं. आजोळचं काहीच नाही. त्र्यंबकच्या पानाचा फोटो काढला. 'सोबत कुटुंब व मातोश्री'. पत्नी आणि आई, दोघी तिथवर गेल्या, गोदावरीत बुडी मारली, आणि वहीत बिननावाच्या राहिल्या. जिचं नाव लागलंय तिचाही माग लागत नाही, कारण लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं माहेरीच राहायचं.

हल्ली नाना आडनाव विचारत नाहीत. सोसायटीतल्या म्हाताऱ्या बायकांजवळ बाकावर बसतात आणि विचारतात, "लग्नाआधी तुम्हाला काय म्हणायचे?" बायका आधी लाजतात, मग तासभर थांबत नाहीत. परागंदा ऐकवायला नानांना संधीच मिळत नाही.

तुमच्या घरात आजी असेल तर तिचं माहेरचं नाव, तिच्या आईचं नाव आणि गाव आजच विचारून कागदावर लिहून ठेवा. ते कुठल्याच वहीत सापडणार नाही.