मामांची मर्सिडीज

आमच्या मामांकडे मर्सिडीज होती. थाप नव्हे. 1954 ते 1969 या काळात टाटांचे ट्रक जमशेदपूरला जर्मन भागीदारीत तयार होत आणि त्यांच्या नाकावर तीन टोकांचा तारा असे. मामांचा ट्रक 1966 सालचा. माझ्या लग्नाच्या बोलणीत आईनं ‘मामांची मर्सिडीज आहे’ एवढंच सांगितलं होतं. तिच्यातून विटा वाहतात हे बायकोला वरातीतच कळलं.

तर या मर्सिडीजच्या स्टेअरिंगला प्ले होता. वीतभर फिरवावं तेव्हा कुठं पुढची चाकं मनावर घेत. कुंभार्ली घाटात मामा वळण दिसायच्या आधीच वळायला लागत.

‘स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला तर?’ मी शहाणपणा केला.

‘पाव्हणं, दुखतंय गुडघ्यात अन् तुम्ही मुंडी आवळा म्हनताय,’ मिस्त्री म्हणाले आणि मला वर बसवून स्वतः खाली शिरले. मी चाक डावं-उजवं हलवायचं, त्यांनी जोडाजोडावर हात ठेवायचा. ड्रॅग लिंकचा बॉल खटखटत होता, टाय रॉडचे एंड झिजले होते, किंगपिनचे बुश तर नावापुरते. प्रत्येक ठिकाणी केसाएवढी फट. वाण्याच्या वहीसारखी बेरीज मात्र वीतभर. वर पुढच्या कमानीत मामांनी हौसेनं एक पाटा वाढवलेला. त्यानं चासी उचलली, ड्रॅग लिंक तिरकी झाली आणि खड्डा आला की स्टेअरिंग आपोआप हिसका देई. पूर्ण वळणावर तर ती लिंक यू-बोल्टला घासून चकाकत होती.

पाटा निघाला. मामा दोन दिवस बोलले नाहीत.

नवे एंड बसले. टाय रॉडला एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे. नळी फिरवली की चाकं जवळ येतात, नाहीतर दुरावतात. मिस्त्रींनी दोरीनं माप घेतलं. नटाची खाच पिनेच्या भोकाशी जुळेना, तेव्हा मी म्हटलं, ‘जरा सैल करा.’

‘सैल न्हाई. फुडच्या खाचेपतोर आवळायचा.’

‘सगळा प्ले काढला ना?’ मामा.

‘बोटभर ठिवलाय.’

‘पैसे पुरे घेऊन?’

‘बॉक्स लई आवळला तर वळल्यावर चाक सरळ व्हायचं न्हाई, मालक.’

घाटातल्या पहिल्याच वळणावर मामा सवयीनं आधीच वळले. या खेपेला ट्रकही वळला. करवंदीच्या जाळीत नाक खुपसून मर्सिडीज थांबली. मामांनी खिडकीतून हात घालून चार करवंदं तोडली, दोन मला दिली.

‘लई ऐकाय लागलीय,’ ते म्हणाले.