उलटी बोहारीण

आपल्याकडची बोहारीण जुने कपडे घेते आणि भांडी देते. साडी उजेडात धरून विरलेली जागा नेमकी हुडकते, दोन पँटींवर पातेले सुटत नाही म्हणून उठून जायचे नाटकही करते. जागतिकीकरणाने हा धंदा उलटा फिरवला आहे. जुने कपडेही समोरच्याच्याच गळ्यात मारायचे आणि वर पातेलेही त्याच्याकडूनच घ्यायचे. इंग्लंडमधली सज्जन माणसे कपडे धर्मादाय दुकानांना देतात. तिथे जे खपत नाही ते व्यापारी वजनावर उचलतात, त्याची साधारण ५५ किलोची गासडी बांधतात आणि ती पोहोचते घानाची राजधानी अक्रा इथल्या कांटामांटो बाजारात. तिथला दुकानदार आत काय आहे ते न पाहता रोख मोजून ती विकत घेतो. फोडल्यावर धड शर्ट निघाले तर नशीब. नाहीतर काखेत पिवळे पडलेले सदरे आणि विषुववृत्ताच्या शेजारी कुणालाच नको असलेले लोकरी कोट. उरलेले गटारात, तिथून समुद्रकिनाऱ्यावर. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत हे खरे, पण इथे गाईचे पैसे घेतलेले आहेत.

साम्राज्याच्या काळी व्यवहार तरी जरा बरा होता. युगांडात इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापूस लावला तो लँकेशायरच्या गिरण्यांसाठी. वऱ्हाडातल्या वाचकाला ही गोष्ट वेगळी सांगायला नको. पण तेव्हा कापूस जाऊन निदान कोरे कापड परत येत असे. आता मळके येते. २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी ठरवले की २०१९ पर्यंत ही आयात टप्प्याटप्प्याने बंद करायची आणि आपले कपडे आपण शिवायचे. लगेच अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने सरकारदरबारी गाऱ्हाणे घातले की यामुळे अमेरिकेतल्या ४०,००० नोकऱ्या धोक्यात येतील. जगातली सर्वांत बलाढ्य अर्थव्यवस्था रवांडाच्या किगालीतल्या माणसाने जुनी जीन्स नाकारल्यामुळे डळमळणार होती! आफ्रिकेच्या विकासासाठी २००० साली केलेल्या अमेरिकी कायद्याखालची जकातमाफी जाईल, अशी तंबी मिळताच केनिया, युगांडा, टांझानिया यांनी माघार घेतली. रवांडाने मात्र किलोमागे २० सेंटांचा कर अडीच डॉलरवर नेला होता, तो खाली आणला नाही. जुलै २०१८ पासून त्याच्या तयार कपड्यांची जकातमाफी स्थगित झाली.

यावर अर्थतज्ज्ञ म्हणतात, गरिबाला स्वस्त कपडा मिळतो, त्यावर शिंपी, धोबी, हमाल जगतात. मान्य. कांटामांटोतला शिंपी फाटक्यातून नवे उभे करतो, त्याचे कसब वादातीत आहे. तीच गासडी डोक्यावर वाहून मान मोडणाऱ्या उत्तरेकडच्या पोरींचाही रोजगारातच हिशोब धरायचा असेल तर तोही धरू. तिथले कापड उद्योग वीज, भांडवल आणि कारभाराच्या अनागोंदीनेही बुडाले, हेही खोटे नाही. पण आजारी उद्योगाला दहा-वीस वर्षे आडोसा द्यायचा असतो, हे इंग्लंड-अमेरिकेने स्वतः मोठे होताना बिनदिक्कत केले. इंग्लंडने तर अठराव्या शतकात भारतातल्या छापील सुती कापडावर कायद्याने बंदीच घातली होती. तेव्हा त्याला मुक्त व्यापाराचा शत्रू म्हणायला कुणी उरले नव्हते. शेवटचा आक्षेप असा की जुने रोखले तर चीनचे नवे येतील. येतीलच. ते रोखायचे झाले तर परवानगीचा अर्ज वॉशिंग्टनला करायचा की बीजिंगला, एवढे मात्र किगालीला आधी कळवून ठेवायला हवे.